गाडीला थंडी वाजते, तेव्हा...

जानेवारीत पप्पांची टॅक्सी रोज पहाटे ‘मिसिंग’ मारायला लागली. एका गॅरेजने थेट इंजिन खोलायचा सल्ला दिला, दुसऱ्या गॅरेजने आधी प्रश्न विचारले. त्या प्रश्नांमुळे आमचे पैसे कसे वाचले आणि खरा दोषी कोण निघाला, त्याची ही मानखुर्दमधली गोष्ट.

पहाटे साडेचारची वेळ. लल्लूभाई कंपाउंडमधल्या आमच्या बिल्डिंगखाली पप्पा गाडीत बसतात, सेल्फ मारतात, गाडी चालू होते. इथवर नेहमीसारखंच. पण यंदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून चालू झालेली गाडी एका जागी शांत उभीच राहीना. स्टिअरिंग थरथरायचं, डॅशबोर्डवरचा गणपती हलायचा, आरपीएमचा काटा खाली-वर नाचायचा आणि सायलेन्सरमधून अडखळत फट... फट... आवाज यायचा. ड्रायव्हर लोकांच्या भाषेत सांगायचं तर गाडी ‘मिसिंग’ मारत होती.

तीन-चार मिनिटं गेली की सगळं आपोआप ठीक. मग दिवसभर गाडी मख्खनसारखी. दुपारी बंद करून चालू करा, काही नाही. रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

“थंडी आहे गं, गाडीलापण वाजते,” असं म्हणत पप्पांनी आठवडाभर चालवून घेतलं. मग एका पहाटे एअरपोर्टचं भाडं होतं. नवरा-बायको, दोन बॅगा, सोबत लहान मूल. बॅगा डिकीत टाकल्या, गाडी गेटपर्यंत गेली आणि स्पीडब्रेकरजवळ बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा थरथरली. “काका, ही पोहोचेल ना नक्की?” असं विचारून त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. दुसरी गाडी बोलावली. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, फ्लाइट कोणासाठी थांबत नाही. पण ॲपवर आलेला एक स्टार पप्पा दिवसभर मोबाइल उघडून बघत होते. पहाटेची एअरपोर्ट भाडी म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात भरवशाची कमाई.

त्याच दिवशी गाडी गॅरेजला नेली. तोपर्यंत ती गरम झाली होती, त्यामुळे थरथर नव्हतीच. तिथल्या माणसाने पाच मिनिटं रेस देऊन ऐकलं आणि निकाल दिला, “हेड खोलावं लागेल. पस्तीस हजार धरून चला.” पप्पा काही बोलले नाहीत. बँकेत तेवढेच होते आणि ते माझ्या बहिणीच्या दुसऱ्या सेमिस्टरच्या फीसाठी ठेवलेले.

मी मास कम्युनिकेशनची डिग्री घेऊन सध्या या पुरवणीत इंटर्नशिप करतेय. ‘थंडी स्पेशल’च्या मीटिंगमध्ये कोणी हुडी सुचवली, कोणी हॉट चॉकलेट. मी म्हटलं, थंडीत गाडी का थरथरते? दोन मिनिटं हशा झाला. मग सीनियर म्हणाल्या, “तुझ्या घरातच बातमी आहे की. जा, शोध.”

मुंबईत थंडी असते तरी किती?

पहिला प्रश्न मला स्वतःलाच पडला. काश्मीरमध्ये गाडी गोठली तर समजू शकतं. मुंबईत जानेवारीतला पारा साधारण पंधरा-सोळा अंशांच्या आसपास उतरतो आणि आपण लगेच स्वेटरचे फोटो टाकतो. सांताक्रूझला आजवर नोंदवलेलं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे आणि ती नोंद आहे २२ जानेवारी १९६२ ची! एवढ्याशा थंडीने लोखंडाचं इंजिन आजारी पडावं?

पण इंजिनाच्या दृष्टीने बघितलं तर हिशेब वेगळा लागतो. चालू इंजिनातलं कुलंट साधारण नव्वद अंशांच्या आसपास असतं. त्या मानाने सोळा अंश काय आणि तीस अंश काय, दोन्ही थंडच. म्हणजे प्रत्येक गाडी दिवसातून एकदा तरी ‘थंड’ चालू होतेच, मे महिन्यातसुद्धा. जानेवारीत फक्त ती तशी जास्त वेळ राहते. हा ‘जास्त वेळ’ लक्षात ठेवा, पुढे तोच कामी येणार आहे.

थंड इंजिनाची मुख्य अडचण म्हणजे पेट्रोल. इंजिनात पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिन गार असलं की फवारलेलं पेट्रोल थंड भिंतींना थेंबाथेंबाने चिकटून बसतं आणि वाफ कमी होते. म्हणून थंड इंजिनाला थोडं जास्त पेट्रोल द्यावं लागतं.

हे माझ्या आजोबांना पुस्तक न वाचता माहीत होतं. ते काळी-पिवळी पद्मिनी चालवायचे. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. पद्मिनीला कार्ब्युरेटर होता आणि हाताने ओढायचा चोक. सकाळी चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी होऊन पेट्रोलचं प्रमाण वाढायचं. इंजिन तापलं की चोक हळूहळू आत ढकलायचा. किती ओढायचा, कधी सोडायचा, हे ज्याचं त्याने कानाने ठरवायचं. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली आणि तिच्याबरोबर चोकही.

आताच्या गाडीत चोकचं काम कॉम्प्युटर करतो. कुलंट किती गरम आहे ते एक सेन्सर त्याला सांगतो, त्यावरून तो इंजेक्टरला हुकूम देतो. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. त्यामुळेच बिघडलं की ड्रायव्हरला काही कळतही नाही.

‘कब होता है, ये बता’

घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या कडेला एक छोटं गॅरेज आहे. दोन गाड्या मावतील एवढीच जागा, वर निळी ताडपत्री. तिथल्या साठीच्या मेकॅनिकना सगळे उस्ताद म्हणतात. पप्पांनी हेडचं सांगितलं तेव्हा त्यांनी बोनेट उघडलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, “कब होता है, ये बता.”

“सकाळी.”

“सकाळी म्हणजे? पयली बार चालू करतो तेव्हा, का सकाळी कधीपण?”

“पहिल्यांदा चालू करताना.”

“कितना टाइम?”

“तीन-चार मिनिटं.”

“हळूहळू कमी होते, का एकदम बंद होते?”

इथे मी आणि पप्पा एकमेकांकडे बघायला लागलो. कोणालाच सांगता येईना. पप्पा म्हणाले हळूहळू, मला वाटत होतं एकदम. उस्ताद म्हणाले, “मग आज गाडी इधरच छोडो. उद्या सकाळी साडेसहाला या. बिमारी थंडीमध्ये आहे, तर थंडीमध्येच बघायची.”

कॉलेजमध्ये पहिल्या वर्षी शिकवतात, बातमीत कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं याची उत्तरं हवीत. आम्हाला हे पाठ होतं. उस्तादांना ते वापरता येत होतं.

एका सकाळची कमाई बुडणार होती. पप्पांनी क्षणभर विचार केला आणि किल्ली दिली.

एकेका संशयिताची चौकशी

दुसऱ्या दिवशी पावणेसात वाजता खाडीवरून गार वारा येत होता. उस्तादांनी गाडी चालू केली. थरथर सुरू. त्यांनी आधी आरपीएमच्या काट्याकडे बोट केलं. काटा स्थिर आणि फक्त गाडी हलत असेल, तर इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं ते गेलेलं असू शकतं. काटा नाचत असेल, तर आत कुठेतरी जळण होत नाहीये. आमचा काटा नाचत होता.

मग त्यांनी मला एक हिशेब सांगितला. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण आठशे फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा स्फोट होतो. म्हणजे एका सिलिंडरमध्ये मिनिटाला चारशे स्फोट. चारातला एक सिलिंडर पूर्ण झोपला तर मिनिटाला चारशे ठोके चुकणार. आपल्याला जाणवते ती थरथर म्हणजे हे चुकलेले ठोके.

ठोका चुकायची कारणं चारच. ठिणगी नाही, पेट्रोल बरोबर नाही, हवा बरोबर नाही किंवा सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही. पहिल्या गॅरेजने सरळ चौथ्या, म्हणजे सगळ्यात महागड्या कारणावर बोट ठेवलं होतं. उस्ताद स्वस्तातल्यापासून सुरू झाले.

हवा. थ्रॉटल बॉडी काढून बघितली. इंजिनात हवा सोडणारी ही झडप. तिच्या कडेला काळी काजळी जमली की उभ्या गाडीला लागणारी थोडीशी हवापण नीट मिळत नाही. थोडी काजळी होती, ती कपड्याने पुसली. मग रबरी नळ्या. जुनं रबर थंडीत कडक होतं, आकसतं, भेगेतून जादा हवा आत घुसते. इंजिन तापलं की तेच रबर फुलतं आणि भेग बुजते. थंडीतल्या थरथरीचं हे खूप कॉमन कारण आहे. शिवाय सायलेन्सरच्या पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर साधारण तीनशे अंश तापेपर्यंत काम सुरू करत नाही, त्यामुळे सुरुवातीला कॉम्प्युटरला ही चूक दिसत नाही आणि सुधारताही येत नाही. आमच्या नळ्या ठीक होत्या.

सेन्सर. कुलंटचा सेन्सर खोटं बोलायला लागला तर? इंजिन सोळा अंशांवर असताना त्याने ‘ऐंशी आहे’ असं सांगितलं, तर कॉम्प्युटर जादा पेट्रोल देणारच नाही. उस्तादांच्या पोराने स्कॅनर लावला. रात्रभर उभी असलेली गाडी चालू करण्याआधी हवेचा सेन्सर आणि कुलंटचा सेन्सर यांनी जवळपास सारखाच आकडा दाखवायला हवा. तसाच दाखवला. सेन्सर सुटला. पण स्कॅनरवर एक कोड मिळाला, पी ०३०३. म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर ठोके चुकवतोय. मला वाटलं, सापडलं! उस्ताद म्हणाले, “कोड घर दिखाता है, चोर नहीं.”

ठिणगी. तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरला लावली, एकची तीनला. कॉइल दोषी असती तर दोषही तिच्यासोबत एक नंबरला गेला असता. नाही गेला. मग प्लगची अदलाबदल. तरी मिसिंग तीनलाच. नवा पार्ट विकत न घेता दोन संशयित सुटले. ही अदलाबदलीची युक्ती मला सगळ्यात आवडली, कारण ती कोणीही समजून घेऊ शकतं.

दाब. शेवटी प्लगच्या जागी गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. चारही जवळपास सारखे. “हेड को हाथ नहीं लगाने का,” उस्ताद म्हणाले. पस्तीस हजार तिथल्या तिथे वाचले. पप्पांनी पहिल्यांदा चहा मागवला.

टक्

पण मुख्य प्रश्न उरलाच. चार मिनिटांनी आपोआप ठीक का होतं?

उत्तर त्या सकाळी आम्ही स्वतःच ऐकलं होतं, फक्त ओळखलं नव्हतं. गाडी थरथरत असताना डॅशबोर्डखालून ‘टक्’ असा छोटासा आवाज आला, सीएनजीच्या स्विचवरचा हिरवा दिवा लागला आणि त्याच क्षणी थरथर थांबली. हळूहळू नाही, एकदम. त्या ‘टक्’नंतर गाडी पेट्रोलवरून सीएनजीवर गेली होती.

पप्पांची गाडी सीएनजीची आहे. पण बऱ्याच सीएनजी गाड्या सकाळी चालू होतात पेट्रोलवर. कारण टाकीत गॅस साधारण दोनशे बार दाबाखाली भरलेला असतो. इंजिनात सोडण्याआधी रेड्युसर नावाच्या डब्यात त्याचा दाब कमी करतात. दाब उतरताना गॅस प्रचंड थंड होतो. डिओचा स्प्रे खूप वेळ मारला की कॅन गार लागतो, तसंच काहीसं. रेड्युसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनाचं गरम कुलंट फिरवतात. हे कुलंट ठरावीक तापमानाला, साधारण तीस-चाळीस अंशांना पोहोचलं की मगच किट सीएनजी चालू करतं. तोपर्यंत पेट्रोल.

आता तो ‘जास्त वेळ’ आठवा. मे महिन्यात मुंबईत पहाटेसुद्धा कुलंट अठ्ठावीस-तीस अंशांवर असतं. चालू केलं की जरा वेळात ‘टक्’. बिघाड असला तरी तो दिसायला वेळच मिळत नाही. जानेवारीत सोळापासून सुरुवात, त्यामुळे गाडी काही मिनिटं पेट्रोलवर राहते. दुपारी आणि रात्री इंजिन आधीच गरम, म्हणून लगेच सीएनजी.

म्हणजे बिघाड थंडीने केलाच नव्हता. तो आधीपासून होता. थंडीने फक्त तो दाखवला.

खात्री करायची सोपी चाचणी होती. इंजिन पूर्ण तापल्यावर उस्तादांनी स्विच दाबून गाडी मुद्दाम पेट्रोलवर आणली. काटा पुन्हा हलला. सकाळइतका नाही, पण हलला. सीएनजीवर टाकली, शांत. पुन्हा पेट्रोलवर, थरथर. प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन दोन्ही इंधनांना तेच लागतं. सीएनजीवर गाडी ठीक आणि पेट्रोलवर नाही, याचा अर्थ दोष फक्त पेट्रोलच्या वाटेवर. आणि तीन नंबरवर. म्हणजे तीन नंबरचा पेट्रोल इंजेक्टर.

दोनशे रुपयांचं पेट्रोल

चारही इंजेक्टर काढून टेस्टिंगच्या मशीनवर लावले. त्या मशीनला समोर काचेच्या चार नळ्या असतात, आपल्या शाळेच्या लॅबमधल्या मेजरिंग सिलिंडरसारख्या. चारही इंजेक्टर एकाच वेळी तेवढाच वेळ फवारतात आणि कोणी किती सोडलं ते नळीत दिसतं. एक, दोन आणि चारच्या नळ्या जवळपास सारख्या भरल्या. तीनची स्पष्ट कमी. फवाराही पसरट नव्हता, एका बाजूने धार लागल्यासारखा.

“पेट्रोल किती टाकता?” उस्तादांनी पप्पांना विचारलं.

पप्पा जरा थांबून म्हणाले, “दोनशेचं. लाइट पेटली की.”

मला वाटतं, आपल्या आजूबाजूचे अनेक सीएनजी टॅक्सीवाले हेच करतात. पेट्रोल महाग, भाडी सगळी सीएनजीवर, मग टाकीत नावापुरतं पेट्रोल. हिशेब वरवर बरोबर आहे. पण टाकीतलं तेच थोडं पेट्रोल आठवडेच्या आठवडे पडून राहतं. त्यातला हलका, पटकन वाफ होणारा भाग उडून जातो, आणि थंड इंजिनाला नेमका तोच भाग हवा असतो. गाडी बंद केल्यावर इंजिनाच्या उष्णतेने इंजेक्टरच्या तोंडाशी राहिलेलं पेट्रोल भाजतं आणि चिकट थर साचतो. इंजेक्टरची भोकं इतकी बारीक असतात की केसभर थरानेही फवारा बिघडतो. रोज पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत ताजं पेट्रोल सतत वाहत राहतं. सीएनजी गाडीत तो इंजेक्टर दिवसातून चार मिनिटं काम करतो आणि उरलेला दिवस तापत बसतो.

त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट सरकारने २०३० वरून २०२५ वर आणलं. आपल्या राज्यातल्या ऊस पट्ट्याला ते ओळखीचं आहे. इथेनॉलची वाफ करायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते आणि ते हवेतला ओलावा शोषतं. टाकी जवळजवळ रिकामी ठेवायची म्हणजे पेट्रोलच्या वर दमट हवा ठेवायची. खाडीकाठच्या मानखुर्दमध्ये दमटपणा वेगळा मागवावा लागत नाही. शिवाय पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि त्यातल्या पेट्रोलनेच तो गार राहतो. टाकी कायम तळाला असेल, तर पंपाचंही आयुष्य कमी होतं.

मी हे सगळं वहीत लिहीत होते. वर बघितलं तर पप्पा गप्प होते. महिन्याकाठी पाचशे-सातशे वाचवायला केलेली काटकसर त्यांच्यावर उलटली होती, आणि ती त्यांनी आमच्यासाठीच केली होती. मला काय बोलावं सुचेना. उस्तादच म्हणाले, “तुमचा काय दोष नाय. सीएनजी बसवताना हे कोण सांगतो? किट विकतो, बिल देतो, संपला.”

इंजेक्टर साफ केले, मशीनवर पुन्हा लावले. या वेळी चारही नळ्या एका रेषेत. जुनं पेट्रोल काढून दहा लिटर ताजं भरलं. सगळं मिळून खर्च पाच हजारांच्या आत आला. फीचे पैसे जागेवर राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी मुद्दाम खाली गेले. सेल्फ, इंजिन, काटा थोडा वर जाऊन स्थिर. थंड इंजिनात तो सुरुवातीला हजाराच्या वर असणं नॉर्मल आहे, इंजिन तापलं की खाली येतो. गणपती हलला नाही. मग ‘टक्’. काहीच बदललं नाही. पप्पांनी काच खाली केली. “वर जा गं, थंडी आहे,” म्हणाले आणि एअरपोर्टला निघाले.

आता दर रविवारी पप्पा गाडी थोडा वेळ मुद्दाम पेट्रोलवर चालवतात. मम्मीच्या मते हा खर्च उगाच आहे. पप्पा तिला इंजेक्टर समजावून सांगतात. मी मध्ये बोलत नाही.

चौकट : गाडी थरथरतेय? मेकॅनिककडे जाण्याआधी हे लिहून ठेवा

• थरथर फक्त दिवसातल्या पहिल्या स्टार्टला होते की कधीही? किती मिनिटं?

• जाते ती हळूहळू की एकदम? हळूहळू, इंजिन तापेल तशी गेली तर रबरी नळ्या, थ्रॉटल बॉडी, कुलंट सेन्सर बघायला सांगा. सीएनजी चालू होताच एकदम गेली तर पेट्रोलची बाजू तपासा.

• आरपीएमचा काटा नाचतो की स्थिर राहतो? स्थिर असेल तर माउंटिंग तपासा.

• सीएनजी गाडी असेल तर इंजिन गरम झाल्यावर पाच मिनिटं पेट्रोलवर चालवून बघा. फरक जाणवला का?

• शेवटचं पेट्रोल कधी आणि किती भरलं? प्लग कधी बदलले?

• चेक इंजिनचा दिवा लागतो का? तो लागून लुकलुकत असेल तर गाडी तशीच पळवू नका.

• शक्य असेल तर गाडी रात्रभर गॅरेजवर ठेवा. थंडीतला बिघाड गरम गाडीत सापडत नाही.

• मोठ्या खर्चाला हो म्हणण्याआधी कॉम्प्रेशन मोजायला सांगा.

• हे करू नका : चालू इंजिनातली कॉइल किंवा प्लगची वायर हाताने ओढणं, गरम इंजिनवर क्लीनरचा स्प्रे मारणं, गरम असताना कुलंटचं झाकण उघडणं, बंद जागेत गाडी चालू ठेवून तपासणं. सीएनजीच्या पाइपला आणि टाकीला घरी हात लावू नका. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्या.